बाराव्या झाडाला पुरलं नाही

थेंबे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. फळबाग संशोधन केंद्रात एकतीस वर्षं बाटल्या धुता धुता ते त्यांना चिकटलं. शेवटी शेवटी तर हजेरी घेताना कुणी खरं नाव पुकारलं की तेच मान वळवून बघायचे, कोणाला बोलावताहेत म्हणून. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात काचेचा ड्रॉपर असे. अंगाला लवंगेचा वास. बसमध्ये शेजारी बसलेली माणसं त्यांना दातांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारत. “हा गृहस्थ चहात दूधही थेंब मोजून घालत असावा,” असं मी पहिल्याच दिवशी माझ्या डायरीत लिहिलं आहे. ते वाक्य पुढे त्यांनी स्वतः वाचलं. कसं, ते ओघात येईलच.

आमची ओळख झाली माझ्या मूर्खपणामुळे, आणि पुढे टिकलीही त्याच भांडवलावर.

माझ्या घरामागे बारा लिंबोणी आहेत. पहिली अकरा झाडं आमच्या ह्यांनी लावली. बारावं वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, एकदा राहायला आल्या तेव्हा लावून गेल्या, आणि नेमकं कोपऱ्यात, माझी कपडे वाळत घालायची दोरी होती तिथे. मी म्हटलं, “वन्सं, इथे दोरी आहे.” त्या म्हणाल्या, “दोरी काय, कुठेही बांधता येते.” तेव्हापासून माझे कपडे सावलीत वाळतात. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली आणि मी ती केव्हाच विसरून गेले आहे.

हे गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी झाडांवर खैऱ्या आला. पानांवर तपकिरी, खरखरीत फोड उठतात, भोवती पिवळं वलय. फळांवर तर देवीचे वण असावेत तसे. हा जिवाणूंचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीने पसरतो, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की एका मासिकात लवंगेच्या तेलाने जंतू मरतात असं छापून आलं होतं, आणि माझ्या कपाटात दाढदुखीची बाटली होती. मी कापसाचा बोळा बुडवला आणि मुलाच्या फुटलेल्या गुडघ्याला लावावं तसं एकेका पानाला ते तेल निगुतीने लावलं. दीड तास लागला. तिसऱ्या दिवशी ती फांदी इस्त्री ठेवल्यासारखी करपली.

मी फांदी कापली, पिशवीत घातली आणि बसने थेट संशोधन केंद्रात गेले. खिडकीतला कारकून काय काम म्हणून विचारतो आहे तेवढ्यात मागून ओल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन एक किडकिडीत गृहस्थ चालले होते. ते जागच्या जागी थांबले आणि नाक वर करून म्हणाले, “लवंग! कोणाच्या दाढेला?”

“लिंबोणीच्या,” मी म्हटलं.

“पाण्यात किती थेंब?”

“पाणी कशाला?”

त्यांनी ट्रे खाली ठेवला. मग पिशवीत डोकावले आणि एकदम ओरडले, “बंद करा! आधी तोंड बंद करा!” मी घाबरून माझं मिटलं. “पिशवीचं, काकू, पिशवीचं! हा खैऱ्या आहे. चालता बोलता रोग तुम्ही बसने फिरवून आणलात. तिकीट काढलं होतंत का त्याचं?”

फांदी जाळून, हात धुऊन, माझ्याकडूनही हात धुऊन घेऊन त्यांनी मला मागच्या खोलीतल्या मोरीशेजारच्या स्टुलावर बसवलं. तीच त्यांची जागा. एक मोठं पांढरं सिंक, दोन नळ (त्यातला एक कायम गळका), वर लाकडी फळी आणि फळीवर चिकटपट्ट्या लावलेल्या पन्नाससाठ बाटल्या. लवंग, ओवा, गवती चहा, निलगिरी. त्यांनी एका भांड्यात पाणी घेतलं, साबणाचा थोडा द्राव घातला, कारण तेल आणि पाण्याचं तसं जमत नाही, मध्यस्थ लागतो, आणि मग ड्रॉपर उचलून श्वास रोखला. मीही रोखला. थेंब मोजताना ते ओठ हलवत, पण आवाज काढत नसत.

“काकू, तेल तेच असतं. चार थेंब इकडे असले की औषध, तिकडे गेले की पेटवापेटवी. तुम्ही तर झाडावर अख्खी बाटली पेटवलीत.”

त्यांची कहाणी मला त्या स्टुलावरच कळली, तुकड्यातुकड्याने. शिक्षण बेताचं. कामाला लागले ते काचा धुवायला. एका शुक्रवारी घरी बायकोचा भाऊ यायचा होता म्हणून काचेच्या बशा न धुताच पळाले. त्या बशांत खैऱ्याचे जिवाणू वाढवलेले होते. सोमवारी बघतात तो सगळ्या बशा पिवळ्याधमक, आणि एकाच बशीत मधोमध नाण्याएवढं स्वच्छ वर्तुळ. तिथे जिवाणू नाहीत. वरच्या फळीवरच्या लवंगेच्या बाटलीचं बूच सैल होतं आणि थेंब बशीत पडला होता.

“मग? साहेबांना सांगितलंत?”

“आठ दिवस नाही. न धुता गेलो हेही सांगावं लागलं असतं ना.”

“आणि आठ दिवसांनी?”

“राहवलं नाही. साहेब बशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘आधी धुऊन टाका.’”

त्यांनी धुऊन टाकली. पण पुढची बावीस वर्षं कामाच्या आधी अर्धा तास येऊन ते फळीवर आपली बशी मांडत राहिले. कुठलं तेल, किती थेंब, वर्तुळ किती मोठं, सगळं पाठकोऱ्या कागदांवर. बशीत वर्तुळं पडत, पण झाड म्हणजे बशी नव्हे, हे त्यांनाच सगळ्यांत जास्त ठाऊक. झाडावर ऊन असतं, वारा असतो, तेल तासाभरात उडून जातं. साहेब बदलले. आता एक तरुण मॅडम विभागप्रमुख होत्या, आणि त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा ते पाठकोरे कागद बसून वाचले होते. त्या म्हणाल्या होत्या: एक बाग, एक हंगाम. तेल फवारलेल्या आणि न फवारलेल्या झाडांत फरक दिसला तर पुढे रीतसर प्रयोग. नाही दिसला तर फळी रिकामी करा, तिथे फ्रिज ठेवायचा आहे. थेंब्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. म्हणजे ही एकच संधी.

“रोगट बाग मिळेल हो,” ते म्हणाले, “पण रोजच्या रोज नेमकं लिहून ठेवणारं माणूस कुठून आणू?”

मी स्टुलावर ताठ झाले. अकराव्या वर्षापासून मी डायरी लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये एक उंच सिस्टर होत्या, त्या दर शनिवारी आमच्या वह्या तपासत. व्याकरणाला पेन्सिल लावत, खोटेपणाला शाई. “तुम्हाला काय करायचं होतं ते लिहू नका, काय केलंत ते लिहा,” हा त्यांचा नियम. त्रेसष्ट वह्या भरल्या, एका ओळीतही मी खोटं लिहिलेलं नाही. बोलण्याची गोष्ट वेगळी. बोलण्यातलं सिस्टर तपासत नसत.

“अहो थेंबे,” मी म्हटलं, “तुमच्यासमोर बसलंय ते माणूस.”

विनय हा माझा गुण कधीच नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते आले. दाराशी बूट काढले, हात धुतले, कात्री पुसली, प्रत्येक झाडाला हात लावण्यापूर्वी पुन्हा पुसली. प्रत्येक झाडाच्या दहा डहाळ्यांना दोरा बांधला. मग माझ्या कपात बारा चिठ्ठ्या टाकल्या. सहा झाडांना लाल फीत: यांना तेल. सहांना पांढरी: यांना नुसतं साबणाचं पाणी. पहिलीच चिठ्ठी निघाली पांढरी, आणि झाड एक नंबरचं, स्वयंपाकघराच्या खिडकीतलं. या घरात आलो त्या वर्षी ह्यांनी लावलेलं. हे सकाळी त्या खिडकीशी उभे राहून चहा प्यायचे आणि झाडाला काहीबाही सांगायचे. माझ्याशी बोलायचे त्यापेक्षा जास्तच.

“थेंबे, हे तेवढं बदलून घ्या ना.”

“चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, काकू.”

“अहो, पण नेमकं हेच...”

“तुम्ही बदललंत तर प्रयोग तुमचा झाला. झाडांचा नाही राहिला.”

बारावी चिठ्ठीही पांढरी निघाली. वन्संचं झाड. त्याला मात्र मी काही हरकत घेतली नाही. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

काम असं. दर दहा दिवसांनी, ऊन चढायच्या आत, फवारणी. थेंबे आदल्या दिवशी तीन कुप्या मोजून देऊन जायचे. एक कुपी एका पंपभर पाण्यात, तेवढ्यात तीन झाडं. म्हणजे दोन कुप्यांत सहा लाल झाडं. तिसरी कुपी जास्तीची. “सांडलं तर असावी,” ते म्हणाले. “माणसाचा हात आहे.” पांढऱ्यांना वेगळ्या पंपाने साबणपाणी. मग दोरा बांधलेल्या डहाळ्यांवरची फोड आलेली पानं मोजायची आणि लिहायची.

आता माझी अडचण सांगते. माझ्या हातून सांडत नाही. चहाचा थेंब बशीत सांडू न देता मी चौऱ्याहत्तर वर्षांची झाले. पहिल्या फवारणीनंतर तिसरी कुपी तशीच भरलेली राहिली, आणि मी ती नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. एका बाजूला कुपी, काचेपलीकडे झाड. दहा दिवस दोघं एकमेकांकडे बघत होती आणि मी दोघांकडे.

दुसऱ्या फवारणीच्या दिवशी खिडकीतल्या झाडाची अगदी कोवळी पालवी मोजताना चार नवी पानं डागाळलेली दिसली. मी डायरीत आकडा लिहिला, पेनाचं टोपण लावलं, आत जाऊन जास्तीची कुपी पंपात ओतली आणि झाड नखशिखांत न्हाऊ घातलं.

एकावर थांबले असते तर गुन्हा लहान राहिला असता. पण शाळेत सिस्टर बिस्किटं वाटायच्या त्या सगळ्यांना सारखी, आणि माझ्या अंगात ते इतकं भिनलं आहे की पंपात उरलेलं द्रावण घेऊन मी शेजारच्या पांढऱ्या झाडापुढे उभी राहिले आणि मला त्याची कीव आली. मग पुढच्याची. तीन झाडांचं द्रावण मी पाच पांढऱ्या झाडांना थोडं थोडं पुरवलं. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. कोपऱ्यात वन्संच्या झाडापाशी पोचले तेव्हा पंप हलवून बघितला. तळाशी थोडं होतं. मी ते मोरीत ओतलं आणि पंप धुतला.

त्या दिवशीची नोंद अशी: “जास्तीची एक कुपी. पांढरी झाडं १, ४, ५, ८, १० यांना सारखं वाटून. बारा: पुरलं नाही.”

लिहून झाल्यावर मला अगदी हलकं वाटलं. लिहिलं म्हणजे लपवलं नाही, असा माझ्या मनाचा हिशेब. डायरी माझ्या उशाखाली असते आणि ती माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, हा बारकावा मी सोयीस्करपणे नजरेआड केला. हंगामात सात वेळा फवारणी झाली. पहिली सोडली तर दर वेळी हाच उद्योग. पहिल्या वेळची वाचलेली कुपीही मी चौथ्या खेपेला पाचांत वाटून टाकली. बाराव्या झाडापुढे सहाही वेळा एकच शेरा: पुरलं नाही. चौथ्या खेपेला तर दोन कुप्या होत्या.

मधल्या काळात थेंबे येत, आकडे उतरवून घेत, मी दिलेला चहा पीत आणि बशीत सांडून ठेवत. (त्याचीही नोंद आहे, तारखेनिशी.) लाल झाडं सुधारत होती. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा थेंब्यांचा चेहरा असा उजळला की मी खिडकीतून बघत राहिले. एका पानावरून बोट फिरवून म्हणाले, “काकू, बावीस वर्षं बशीत बघतोय. झाडावर कसं दिसतं ते आज बघितलं.” मग पांढरी झाडं बघायला गेले. तीही सुधारत होती. त्यांनी डोकं खाजवलं आणि आकडे लिहून घेतले. मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

हंगाम संपल्यावर मॅडम स्वतः आल्या. चष्मा, वही, भरभर चालणं. दोन तास झाडं तपासली. मग माझ्या मागच्या ओट्यावर बसून आकडे मांडले.

“लाल झाडांवर सरासरी पंधरा रोगट पानं. पांढऱ्यांवर सतरा. बारा नंबर सोडला तर.”

“बारा नंबरावर एकसष्ट आहेत, मॅडम,” थेंबे म्हणाले.

“ते कोपऱ्यात आहे, वाऱ्यावर. एका झाडावरून काही म्हणता येत नाही. ते बाजूला ठेवू.” त्यांचा आवाज मऊ झाला. “हे बघा, तुमची मेहनत मला दिसते. पण यंदा पाऊस कमी होता, रोग आपोआपच ओसरला. तेल मारलं काय, न मारलं काय, सारखंच. मला दुसरं काही लिहिता येणार नाही.”

थेंबे म्हणाले, “बरोबर आहे, मॅडम.” आणि उठून एकेका झाडाची फीत सोडायला लागले. लाल वेगळी गुंडाळली, पांढरी वेगळी. मी मॅडमना म्हटलं, “अजून थोडा चहा?” एवढंच बोलले. सत्तर वर्षांच्या संस्कारांचा अर्क काय, तर अजून थोडा चहा.

दोन दिवसांनी थेंबे कुप्या परत न्यायला आले. फळी रिकामी करायला सांगितली होती, सगळं सामान मोजून जमा करायचं होतं. त्यांनी एकवीस रिकाम्या कुप्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एक छापील कागद पुढे सरकवला.

“चौदा वापरल्या. जास्तीच्या सात. सातही रिकाम्या आहेत, म्हणजे सांडल्या असणार. इथे ‘सांडलं’ लिहा आणि खाली सही करा, काकू. नियम आहे म्हणून, बाकी काही नाही.”

माझ्या हातात पेन दिलं. माझ्याकडे बघत नव्हते, कुप्या डब्यात भरत होते. त्या माणसाला हंगामभर माझ्याकडे येऊनजाऊन एवढंही सुचलं नाही की जिच्या टेबलावर कधी ओघळ दिसला नाही तिच्या हातून सात वेळा कसं सांडेल! त्यांनी मला विचारलं असतं तर मी तोंडाने सरळ “हो, सांडलं” म्हटलं असतं, खरंच सांगते. पण लिहायचं होतं. मी ‘सां’ लिहिलं. अनुस्वारावर पेन थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. साठपासष्ट वर्षांपूर्वीच्या सिस्टर माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या असत्या तरी मला इतका घाम फुटला नसता.

मी पेन ठेवलं, आत गेले आणि उशाखालची डायरी आणून त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

“वाचा. मी तोवर खिडकी पुसते.”

त्यांनी वाचलं. मी एकच काच पंधरा मिनिटं पुसली. मागे फक्त पान उलटल्याचा आवाज. मग तोही थांबला.

“काकू.”

“हं.”

“तुम्ही माझं वर्ष पाण्यात घातलंत.”

“साबणाच्या,” असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली.

“मी घरी बायकोला सांगितलं, तेलात काही दम नाही. बावीस वर्षं उगाच वास मारत घरी येत होतो म्हणालो. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.” ते पुन्हा पान उलटू लागले, रागारागाने. “आणि हे काय? ‘हा गृहस्थ चहात दूधही थेंब मोजून घालत असावा.’ आणि पुढे, ‘थेंबे आज पुन्हा बशीत चहा सांडून गेले. हा माणूस थेंब मोजतो!’”

“ते खरं आहे,” मी बारीक आवाजात म्हटलं.

“‘हातमोजे गळ्यात अडकवून बसस्टॉपपर्यंत गेले. मी सांगितलं नाही.’ काकू!”

“तेही खरं आहे.”

ते अजून दोन पानं पुढे गेले आणि थांबले. बोट एका ओळीवर होतं. मग मागचं पान. मग त्याच्या मागचं.

“बारा: पुरलं नाही. बारा: पुरलं नाही. हे बारा एकदाही कसं पुरलं नाही?”

“ते वन्संचं झाड आहे.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. दोरी, सावलीत वाळणारे कपडे, सव्वीस वर्षं, मोरीत ओतलेलं उरलंसुरलं, सगळं. एखाद्या पुरुषमाणसापुढे इतकं लहान व्हायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. थेंबे ऐकत होते आणि हळूहळू खुर्चीतून उठत होते.

“एक थेंबसुद्धा नाही?”

“एकसुद्धा नाही.”

“शपथ?”

“लिहिलंय की!”

“काकू,” त्यांनी टेबलावर थाप मारली, कुप्या किणकिणल्या, “तुमची ती नणंद, तिला शंभर वर्षं आयुष्य मिळो! अहो, ते एकच झाड खरं पांढरं आहे. एकसष्ट! आणि या पाचांना तुम्ही काय दिलंत? तीनाचं पाचांत. म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. आणि तरी सतरा!” ड्रॉपर खिशातून काढून ते हवेत हलवत होते. “म्हणजे तेल कमी केलं तरी चालतंय की काय? मला कधी सुचलंच नसतं. कमी द्यायचं माझ्या जिवावर आलं असतं.”

मग बसले, आणि त्यांचा उत्साह ओसरला. “पण मॅडमना सांगावं लागेल. तुम्हाला.”

“मला?”

“वही तुमची आहे. मी नेली तर म्हणतील, थेंब्यांनी लिहून घेतलं.”

मी म्हटलं, आठवडाभर विचार करते. ते म्हणाले, “मी आठ दिवस लावले होते, काकू. त्या आठ दिवसांत मला जेवण गेलं नाही. तुम्ही उद्याच या.”

दुसऱ्या दिवशी मी डायरी छातीशी धरून संशोधन केंद्राच्या बाकावर बसले. शाळेत मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर कधी उभी राहिले नव्हते, ती कसर चौऱ्याहत्तराव्या वर्षी भरून निघाली. मॅडमनी वाचलं. मध्येच एकदा हसू दाबलं, ते कुठल्या नोंदीला ते मला अजून कळलेलं नाही. माझ्याकडे एक चतकोर पान त्यांच्या चष्म्याविषयीही आहे.

“एका झाडावरून सिद्ध काहीच होत नाही,” त्या म्हणाल्या. थेंबे ट्रे घेऊन दारात उभे होते. “पण आधीचा निष्कर्षही आता मला ठेवता येत नाही. तो चुकीच्या माहितीवर होता. पुन्हा एक हंगाम करू. फ्रिज थांबेल.” मग माझ्याकडे वळून, “आजी, वही तुम्हीच लिहायची. पण जास्तीची कुपी मिळणार नाही.”

या वेळी फिती तीन रंगांच्या. चार झाडांना लाल, पूर्ण तेल. चारांना पिवळी, तीन पंचमांश. हे माझ्या पापाचं शास्त्रीय नाव. चारांना पांढरी. पुन्हा माझा कप, पुन्हा चिठ्ठ्या. थेंब्यांनी पहिली उघडली, वाचली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

“एक नंबर. पांढरी.”

मी खिडकीतल्या झाडाकडे बघितलं. थेंबे काही बोलायच्या आत मीच म्हटलं, “चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.”

शेवटची उघडली. “बारा नंबर. लाल.”

म्हणजे हंगामभर दर दहा दिवसांनी सकाळी उठून वन्संच्या झाडाला मी स्वतःच्या हाताने, पानाच्या वरून आणि खालून, पूर्ण मापाचं तेल द्यायचं, आणि ह्यांच्या झाडाला साबणाचं पाणी पाजून आत यायचं. माझ्यावर नजर ठेवणाऱ्याला विनोदाची चांगली जाण आहे. मी दिलं. एकदाही पंप मोरीत रिकामा केला नाही. खिडकीतल्या झाडावर फोड वाढत गेले. एकवीस, चौतीस, अठ्ठेचाळीस. रोज सकाळी मी तिथे चहा घेऊन उभी राहायचे आणि आता मीही त्याला काहीबाही सांगू लागले होते. मुख्यतः माफी मागत होते. त्या हंगामाच्या वहीत फवारणीच्या प्रत्येक दिवशी एक ओळ आहे: “एक नंबर: पाणी. बाकी काही केलं नाही.” त्रेसष्ट वह्यांत लिहायला सगळ्यांत जड गेलेली ओळ हीच.

शेवटी मॅडमनी मोजलं. रोग पूर्ण कुठेच गेला नव्हता. थेंब्यांनी तसा दावा कधी केलाही नव्हता. पण पांढऱ्यांवर सरासरी बावन्न, पिवळ्यांवर चोवीस, लालवर वीस. मॅडमनी अहवालात लिहिलं, “वापर उपयुक्त दिसतो, पुढील प्रयोग व्हावेत.” एवढंच. थेंब्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि खिशातल्या ड्रॉपरशेजारी घडी करून ठेवलं. तिसऱ्या महिन्यात ते निवृत्त झाले. फळी जागेवर आहे. फ्रिज बाहेरच्या बोळात उभा आहे आणि सगळे त्याला अडखळतात.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबे माझ्या दारात हजर. “प्रयोग संपला ना, काकू? आता एक नंबराला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.” मोजून आणलेली कुपी त्यांनी माझ्या हातात ठेवली, मागे जाऊन खिडकीतल्या झाडाच्या रोगट डहाळ्या छाटल्या, कात्री पुसली, पुन्हा छाटल्या. मी पंप भरला. हात थोडा हलला आणि दोनतीन थेंब ओट्यावर पडले. त्यांनी बघितलं, पण चकार शब्द काढला नाही. सूड म्हणतात तो हा.

अहवालाची एक प्रत मला आली. त्यात माझं नाव नाही, “एका खासगी बागेत” एवढाच उल्लेख. बाराव्या झाडाचा मात्र वेगळा परिच्छेद आहे, पहिल्या वर्षी सगळ्यांत रोगट आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांत निरोगी म्हणून. हे वन्संना कळवणं माझं कर्तव्य होतं. तीन दिवस ते टाळून मी फोन केला. त्या आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, कानाने कमी ऐकतात, पण स्वतःची स्तुती स्वच्छ ऐकू येते.

“माझं झाड छापून आलंय?”

“हो, वन्सं.”

“का गं पण? त्याच्यात एवढं काय होतं?”

मी पहिल्या वर्षीचं सगळं सांगितलं. तेल, फिती, चिठ्ठ्या. ते झाड तेवढं कोरडं का राहिलं, तिथे आले आणि अडखळले. बोलण्यातलं कोणी तपासत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे.

“पुरलं नाही, वन्सं,” मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, “अजून ती दोरीच घेऊन बसलीस ना तू?”